हद्दीवरच्या दोन खाटा

आई,

रग्ना का लिहीत नाही, म्हणून तू विचारतेस. डकोटाच्या या माळावर सरकारची जमीन हवी, तर मालकानं तिच्यावरच झोपायला हवं. म्हणून आम्ही बहिणींनी दोघींच्या जमिनींच्या हद्दीवरच मातीचं घर बांधलं. तिची खाट तिच्या जमिनीत, माझी माझ्या.

"पाय इकडे आला तर भाडं लावीन हं, सिग्ने!" रोज म्हणायची. तापात मात्र म्हणाली, "इकडे ये गं." मी गेले, भाडं मागायला ती उरली नाही.

काल अधिकारी आला. "बहीण जमीन सोडून गेली म्हणायची!"

"नाही साहेब, तिच्याच हद्दीत पुरलीय."

हे तुला धाडवत नाही, आई. माझी खाट मी तिच्या बाजूला ओढलीय. माझी जमीन गेली तर जाऊ दे.

तुझी उरलेली,
सिग्ने