फैसल्याची कोरी जागा

औरंगपुरा, औरंगाबाद
९ डिसेंबर १९५१

प्रिय जहांआरा,

तुझं हैदराबादहून आलेलं पत्र नशिबानं माझ्याच हातात पडलं. तुझे अब्बा, माझे चाचा गेले हे वाचलं, पत्र तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि भाजी चिरायला बसले. सांत्वनाचं एकही वाक्य मला खरं वाटत नाही, म्हणून लिहीत नाही. दादांना मी अजून सांगितलेलं नाही. का, तेच सांगायला बसले आहे, पण एकदम तिथं पोचायची हिंमत होत नाही. आधी इकडचं ऐक.

पोलीस ॲक्शननंतर तुम्ही गेलात आणि तुमच्यामागून अदालतीतून उर्दूही जायला लागली. दादांसारख्या जुन्या पेशकारांना इंग्रजीची परीक्षा लावली आहे. दोनदा बसता येतं. दुसऱ्यांदाही नापास झालं तर नोकरी गेली. आपल्या दोघींना ज्यांनी शेजारी बसवून बाळबोध गिरवायला लावलं, तेच दादा आपल्या लेकीपुढं पाटी घेऊन बसले. मामांनी घरी शिकवलेलं माझं इंग्रजी, तेवढाच आधार. आई म्हणायची, "केस पिकले अन् आता ए-बी-सी! नातू झाला की त्याच्याच वर्गात बसा." दादा म्हणायचे, "बसतो की. तू दोघांचा डबा दे."

त्यांना सगळ्यात लवकर आले ते आधी घडलेलं सांगणारे शब्द. प्रिव्हियसली म्हटलं की ते खूश व्हायचे, "हे तर आपलं कब्ल अजीं!" फॉर्मर्ली म्हणजे साबिक, हेही लगेच. जन्मभर त्यांनी तेच काम केलं ना. दाव्याच्या कागदांची मिसल उघडायची आणि या दाव्यात आधी काय काय झालं ते हाकिमाला वाचून दाखवायचं. ऑलरेडीला मात्र त्यांना जोडीचा शब्द सापडेना. "हा लई उतावळा आहे पोरी, कुठंही घुसतो," म्हणून ते त्याला वाक्याच्या शेवटी बसवायचे. मग एकदा बिफोरहँड घालून त्यांनी आपल्या मनानं वाक्य केलं : गयासमियाँनी मला आधीच बजावलं होतं. मी विचारलं, काय बजावलं होतं? तेव्हा कळलं की दादा नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांचे वरिष्ठ सरिश्तेदार म्हणून चाचांनी त्यांना सांगितलं होतं, "बद्रीनाथ, टिपणाखाली हाकिमाच्या फैसल्याची जागा कोरी सोडायची. तिथं तुझ्या शाईचा ठिपकाही पडला तर समज, कुणाच्या तरी हक्कावर पडला." ते सांगताना दादांचा आवाज बदलला. मी पुढचा शब्द घेतला. माझं लक्ष शब्दांकडंच होतं.

सप्टेंबरात परीक्षा झाली. दादा हसतच घरात आले. पाटाच्या पाण्याची तक्रार दिली होती. कागद वाचून टिपण लिहा आणि काय करावं ते सुचवा, असा प्रश्न. "तुझा एकही शब्द सोडला नाही," ते म्हणाले. आधी अर्ज कुणाचा, त्याआधी पाणी कुणाला मिळायचं, पाहणी केव्हा झाली, सगळं ओळीनं लिहिलं. मी विचारलं, "मग शेवटी काय सुचवलंत?" टोपी खुंटीला अडकवत ते म्हणाले, "अगं, तिथं रेघ मारून जागा सोडली. फैसला लिहिणारा मी कोण?"

त्या दिवशी त्यांनी जेवणात दुसऱ्यांदा भात मागून घेतला. तो मीच वाढला. निकाल लागला तो तूही ओळखला असशील.

तेव्हापासून मी काय काय केलं ते सांगत नाही. समजावलं, रडले, आईला बोलायला लावलं. परीक्षा म्हणजे अदालत नव्हे, हे त्यांना पटतं. "व्हय, बरोबर आहे तुझं," म्हणतात. सरावाला बसतात, सुरेख टिपण लिहितात, आणि शेवटाशी आले की टाक थांबतो. परवा तर शाई वाळेपर्यंत तो तसाच धरून बसले होते. "माझा हात तिथं जात नाही, द्वारका. गयासमियाँ लिही म्हणाले तर लिहीन." मला राग यायला हवा होता. पण मीही तशीच आहे, तुला माहीत आहे. त्यांनीच मला तसं केलं आहे. जी जागा आपली नाही तिथं आपण हात लावायचा नाही, हे मला कोणत्या तोंडानं चूक म्हणता येईल?

म्हणून त्यांनी चाचांना पत्र टाकलं, आणि ते तुमच्याकडं पोचायच्या आधीच चाचा गेलेले होते. इथं दादा रोज पोस्टमनची वाट बघतात. आला की ओट्यावर जातात आणि रिकाम्या हातानं परत येऊन म्हणतात, "म्हातारा आळशी झालाय." आई हसते. मीही हसते.

जहांआरा, दुसरी परीक्षा जानेवारीत आहे. चाचांनी लिहून दिलेली तख्ती गिरवून गिरवून तुझं उर्दू अक्षर त्यांच्यासारखंच झालं आहे. दादा स्वतः फसायचे. मला उर्दूतल्या दोन ओळी हव्यात : बद्रीनाथ, या वेळी फैसला लिही, माझी इजाजत आहे. खाली चाचांचं नाव. तारीख दादांचं पत्र तिथं पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची घाल आणि टपालाला उशीर झाला असं मी सांगेन. तुझ्या मेलेल्या बापाचं नाव मी तुझ्याकडून लिहवून घेते आहे, हे मला दिसत नाही असं समजू नकोस. दादा पास झाले की पहिली गाडी धरून हैदराबादला चाचांना भेटायला निघतील, आणि तेव्हा दारात उभं राहून मला काय काय सांगावं लागेल, हेही दिसतं. नापास झाले तरी सांगावंच लागेल. तुला नाही जमलं तर कारण लिहू नकोस, मी समजेन. पण जानेवारीपर्यंत चाचांना या घरात जिवंत राहिलंच पाहिजे. तोवर मला त्यांच्यासाठी रडतासुद्धा येत नाही.

तुझीच,
द्वारका