चितळानं सोललेला पिंपळ

सेक्टर ६, भिलाई
३ मे १९६२

आदरणीय देवाजीमामांस भाचा शालिकरामचा सविनय जय भीम. तुमचा दमा आणि मामींचे गुडघे कसे आहेत ते कळवावे. माझं विचारू नका, माझं डोकं फिरलेलं आहे.

तुम्ही नागपूरहून तेलाच्या डब्यात लावून दिलेला पिंपळ आठवत असेल. (न आठवून कसं चालेल, त्याची माती मी दुर्गपर्यंत मांडीवर वागवली.) क्वार्टरांच्या मागे, जिथं आमचा विहार होणार, तिथं तो लावला. दोन वर्षांत माझ्या छातीला लागला. बुद्धपौर्णिमेला भंतेजी येणार, त्या झाडापाशी वंदना होणार, आणि झाडाची जबाबदारी विहाराच्या समितीनं माझ्यावर टाकलेली. परवा फर्स्ट शिफ्ट करून घरी येतो तर काय, चितळ! भरदिवसा, चांगला शिंगांचा नर, आमच्या पिंपळाला शिंगं घासतोय. शेंडा आधीच खाल्लेला, साल चिंध्यांसारखी लोंबतेय. कारखान्यासाठी जंगल तोडलं त्याचा सूड त्या नालायकाला माझ्यावरच उगवायचा होता! रस्त्याकडेला कंपनीनं लावलेल्या गुलमोहरांची रांगच्या रांग उभी आहे, तिला तोंड लावत नाही.

मी गोटा उचलला, तर आई (तुमचीच बहीण, तुम्हीच समजवा) मधे उभी. "बुद्धानं पहिलं प्रवचन हरणाईच्या वनात देल्लं, अन् तू हरणाले गोटे मारून राहिला? लाज हाय का तुले?" मामा, मी झाड वाचवत होतो! समितीचे दयारामजी (क्रेन चालवतात, म्हणून सगळ्यांकडे वरूनच बघतात) म्हणाले, "शालिक, हे तं शुभ हाय." शुभ! खोड चहूबाजूंनी सोललं, झाड गेल्यात जमा, आणि ही मंडळी हात जोडून उभी. बायकोनं तर त्या चितळापुढे पाणी ठेवलं, तेही झाडाच्या बादलीतलं. नंतर न्हाणीत जाऊन रडलो, तुमच्यापासून काय लपवायचं.

चितळाला शिव्या देण्याची घरात सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

आपला भाचा
शालिकराम

ता. क. : तेवढ्याच उंचीचा दुसरा पिंपळ पंधरा दिवसांच्या आत रेल्वेच्या गार्डाच्या डब्यातून पाठवा. खोडाला मी पोतं गुंडाळलंय आणि आतून साल भरून येतेय असं समितीला सांगितलंय. आईला कळू देऊ नका.

ता. क. दुसरा : बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं ना, असं तुम्ही विचारालच. ते मीच काढलं. दुर्गचा फोटोवाला आला होता आणि काट्यांमुळे माझा नवा कोट दिसत नव्हता. परत लावायचं राहून गेलं. फोटो सोबत पाठवतोय, तुमच्याकडेच ठेवा. माझ्या डाव्या खांद्यामागे वाळकी फांदी दिसते, ती फांदी नाही.