भिंतीवरचा घास

धुळे, ११ जून २०२५

ती. कुंदावहिनींस,
योगेंद्रचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून मनातलं बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. सोबत एक फोटो आहे. भिंतीवर खिळ्याला सुतळीने टांगलेली गोल रोटी दिसते ना, तिच्या कडेचा घास मी तोडलेला आहे, सहा वर्षांपूर्वी.

कापसाच्या जिनिंगची मशिनं उभारायला मी पाच उन्हाळे, तिकडचे जून ते ऑगस्टचे, उझबेकिस्तानात गेलो, तेव्हा कारखान्यासमोर चहाचं दुकान असलेल्या रुस्तमबद्दल सांगायचो, आठवतं? त्यांच्याकडे घरातून निघणाऱ्याला रोटीचा एक घास तोडायला लावतात आणि उरलेली रोटी टांगून ठेवतात. परत आला की ती त्यानेच संपवायची. चार वेळा मी जाऊन संपवली. २०१९ला घास तोडला आणि पुढच्या वर्षी येतो म्हणालो. मग सगळं जग बंद पडलं, कंपनीने मला घरी बसवलं, मोबाईलबरोबर त्याचा नंबर गेला. पुढे तर लाजच वाटायला लागली, आता कोणत्या तोंडाने लिहायचं? यंदा होळीला धीर करून दुकानाच्या पत्त्यावर चार ओळी टाकल्या. परवा त्याच्या नातवाने हा फोटो पाठवला. खाली एवढंच, की रोटी वाट बघते आहे.

वहिनी, मला जायचंय. पण मागच्या वर्षीच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेपासून आमचा भूषण मला बसस्टँडवरसुद्धा एकटा सोडत नाही. तुम्ही हो म्हणालात तर मुलगा ऐकेल.

तुमच्या शब्दाची वाट बघणारा,
योगेंद्र

अमळनेर, १८ जून २०२५

चि. योगेंद्र यास कुंदाबाईचे अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिला. आधी वाटलं, भल्या माणसाने भिंतीला गोवरी टांगली आहे. मग चष्मा लावला आणि तुझा घास दिसला. लहानपणीही असाच कडेकडेने खायचास.

भूषणला मी सांगितलं की तुझा बाप आठ वर्षांचा होता तेव्हापासून माझ्या ताब्यात आहे, त्याचा निकाल मीच देणार. कुरकुरला, पण मानलं. तेव्हा जा. गोळ्या बॅगेत नको, खिशात ठेव. लसणाची चटणी आणि उडदाचे पापड धाडते आहे. वाटेत खाऊन संपवू नकोस, ते रुस्तमच्या घरचे आहेत.

एकच वाईट वाटतं. तीन ऑगस्टला घरात कानबाई देवी बसेल आणि तू नसशील. त्या पाच वर्षांतही नसायचास. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मी सव्वा मूठ गहू घ्यायला बसले की तुझे भाऊ, म्हणजे आमचे हे, दारातून विचारायचे, योगेंद्रचे घेतले का? आता विचारणारे ते नाहीत, पण तुझी मूठ मी चुकवणार नाही.

सांभाळून जा, सांभाळून ये.
तुझी वहिनी

फरगाण्याजवळून, १ ऑगस्ट २०२५

ती. वहिनींस सा. न.

हे हाताने लिहून फोटो पाठवतोय. तुमच्या शेजारचा स्वप्नील मोठ्या अक्षरात छापून देईल.

इथे दुकानासमोरून पाट वाहतो आणि पाटावर लाकडी बाज टाकलेली आहे. दुपारभर आम्ही दोघं तिच्यावर पडून असतो. वर तुतीची सावली, खाली पाणी, मध्ये खरबुजाचा वास. बोलायला भाषा थोडी, पण बोलावंसं फारसं वाटतही नाही. डोळा लागतो, उघडतो, आणि मी यावलच्या केळीच्या बागेत आहे की इथे, हे कळायला वेळ लागतो.

पहिल्या दिवशी रुस्तमने रोटी उतरवली. दगड झाली होती. त्याच्या बायकोने चहात भिजवली. मी कवळी काढून ठेवली, त्याच्याही तोंडात दात नावालाच. दोघं चघळत राहिलो आणि दोघंही रडलो. नातू सांगत होता की दर वर्षी घर सारवताना शेजारणी म्हणायच्या, आता काढून टाका ती. आजी काढू द्यायची नाही. घास टांगलेला असेतो माणसाला काही होत नाही, असं ती मानते. वहिनी, मागच्या वर्षी मी दवाखान्यात होतो तेव्हाही ती रोटी भिंतीवरच होती.

सात तारखेला निघतोय. नवी रोटी पुढे करतील. घास तोडला तर परत येण्याचं वचन, आणि मी पुन्हा येईन असं माझ्या जिवाला वाटत नाही. न तोडावा तर त्यांच्या दारातून कसा निघू? या माणसाला दुसऱ्यांदा फसवायचं नाही. काय करू, ते कळवा.

तुमचा,
योगेंद्र

अमळनेर, ४ ऑगस्ट २०२५

चि. योगेंद्र यास आशीर्वाद.

काल कानबाई बसली. शनिवारी गहू घेताना आपल्या नऊ पुरुषांच्या नऊ मुठी झाल्या आणि माझा हात थांबेना. दहावी सव्वा मूठ घेतली. दिपमालाने, माझ्या चुलतजावेने, लगेच टोकलं, "हाई मूठ कोनी शे?" रोट भाऊबंदांचा, परक्याने खायचा नसतो, हे तिला मी शिकवायला नको आणि तिने मला. मी म्हटलं, "आपलाच एक भाऊ शे." ज्याच्या भिंतीवर आपल्या पोराचा घास सहा वर्षं राहिला तो भाऊबंद नाही, तर मग कोण आहे? तिनेच मग त्या मुठीत चार दाणे वाढवले.

त्यांच्यासारखं टांगून ठेवणं आपल्यात नाही. रोट पौर्णिमेच्या आत संपवावे लागतात. रुस्तमच्या वाटचा मी खाल्ला. यंदापुरता.

आता तू विचारलंस त्याचं. तू घास तोडू नकोस. रुस्तमला तोडायला सांग, आणि ती रोटी तू इकडे घेऊन ये. पाच वेळा तू त्याच्या दारातून निघालास, आता निघायची पाळी त्याची. पुढच्या श्रावणात येऊन संपव म्हणावं, आणि त्याची मूठ त्याने स्वतः खावी. मी अठ्ठ्याहत्तरची आहे, तेव्हा फार लांबवू नको म्हणावं.

लोटन सुताराला बोलावून कानबाईच्या चौरंगामागच्या भिंतीत आज खिळा ठोकून घेतला. मुंग्या चढणार नाहीत इतका उंच.

वाट बघणारी,
तुझी वहिनी