गाडी दोन इंच वाढली

ता. ४ मार्च

ती. बाबांना वाकून नमस्कार. वि. वि.

इकडे सगळं ठीक. काल तीन गाई आणि एक चावरी शेळी तपासली. शेळी सोडून सगळे खूश आहेत.

पत्राला कारण गाडी. तुमची मोटारसायकल हल्ली साइड स्टँडवर लावली की इतकी डावीकडे कलते, की वाटतं हिला कुणाच्या तरी कानात काहीतरी सांगायचंय. आठवड्यात तीनदा आडवी झाली. घरमालकीणबाई म्हणाल्या, आधी हिलाच तपास, दमलेली दिसते.

सध्या मी स्टँडखाली बूटपॉलिशच्या डबीचं झाकण ठेवते. त्याला दोरी, दोरीचं टोक हँडलला, म्हणजे निघताना वाकायला नको. परवा झाकण वर ओढायचं विसरले आणि अख्ख्या बाजारातून खणखणाट करत गेले. लोक वळून बघत होते. मला वाटलं, डॉक्टरीणबाईंचा मान वाढला. तुम्ही चाळीस वर्षं लेथवर काढलीत, काहीतरी सुचवा ना.

लोभ आहेच, तो गाडीसारखा कलू देऊ नये.

आपली,
भिंगरी


ता. ९ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

टर्नरची मुलगी स्टँडखाली झाकण ठेवते हे वाचून मी पत्राची घडी घातली आणि चहा घेऊन मग पुढचं वाचलं. झाकण मातीत रुतणारच. लाकडाचा वीतभर ठोकळा घे. मधला स्टँड का लावत नाहीस? गाडीत काही बदललंयस का? कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांग, आणि जमिनीपासून सीटच्या मागच्या टोकापर्यंत टेप लावून माप कळव. अंदाजे नको.

गाडी देताना घातलेली अट लक्षात असेलच. एकदा जरी पडलीस, तरी गाडी परत माझ्या दारात.

प्रकृतीस जप, नटबोल्टही आवळत जा.

तुझे,
बाबा

ता. क. मी आई. हे शेजाऱ्यांची सायकल मागून आणून जिन्याखाली वेगवेगळ्या कोनांत तिरकी लावून बघतायत. शेजारी आज कामावर चालत गेले.


ता. १५ मार्च

ती. बाबांना नमस्कार. वि. वि.

ठोकळा उत्तम होता. दोन दिवस टिकला, मग एका वासराने चघळून त्याचा चोथा केला. नंतर गाडी गोठ्याच्या भिंतीला टेकवली, तर भिंतीचा पोपडा निघाला आणि मालकाचा चेहरा पडला. शेवटी एक आजारी म्हैस बसली होती, दोन दिवस जागची हलली नव्हती, तिला टेकवली. तिला इंजेक्शन दिलं. औषध इतकं लागू पडलं की म्हैस उठली आणि गाडी आडवी. मालक आनंदाने टाळ्या वाजवत होता, मी आरसा शोधत होते.

मधल्या स्टँडला गाडी उचलावी लागते, तेवढा जोर हल्ली लागत नाही. बदललं काहीच नाही. माप तेहतीस इंच.

माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
भिंगरी


ता. १९ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

ती गाडी मी एकोणीस वर्षं वापरली. ते माप एकतीस इंच आहे. पोरी वाढतात, गाड्या वाढत नाहीत. मागच्या स्प्रिंगा बदलल्याशिवाय दोन इंच येत नाहीत, आणि मी बसवलेल्या स्प्रिंगा जबर आदळल्याशिवाय बदलाव्या लागत नाहीत. गाई ओढणाऱ्या मुलीला गाडी उचलवत नाही, हे त्यात मिळव.

कधी पडलीस?

बाबा


ता. २३ मार्च

ती. बाबांना नमस्कार.

जानेवारीत. वळणावर खडी होती. डावीकडचं गळ्याजवळचं हाड मोडलं. त्या महिन्यात पत्र आलं नाही ते कामाच्या व्यापामुळे नव्हे. घरमालकीणबाईंनी तीन आठवडे जेवू घातलं. मेकॅनिककडे दुसऱ्या मोठ्या गाडीच्या स्प्रिंगा होत्या, त्याच घातल्या.

अट तुमची आहे, गाडी न्या. पण इथे गोठे लांब लांब, बस दिवसातून एकदा. गाडी गेली तर ही नोकरीही गेली. सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही.

रागवा, पण पत्र बंद करू नका.

भिंगरी


ता. ३० मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

काल घरी सुखरूप पोचलो. तुझ्याकडे येताना बसमध्ये तुझ्यासाठी भाषण तयार केलं होतं, चांगले चार मुद्दे होते. घरमालकीणबाईंनी मला थेट गोठ्यावर पाठवलं. तुझा उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात. मागे न बघताच तू म्हणालीस, काका, जरा दोर ओढा, माझा डावा हात अजून धड नाही. काका! मी निमूट ओढला. वासरू बाहेर आलं, त्याने श्वास घेतला आणि तू वळून हसलीस, तेव्हा माझे चारही मुद्दे गेले ते गेलेच.

घरी तुझ्या आईने विचारलं, गाडी कुठाय? मी म्हटलं, वासरू छान आहे. खरं तर निघतानाच तिने पिशवीतला नवा स्टँड पाहिला होता. गाडी परतच आणायची तर सव्वा इंच जास्त लांब स्टँड जुन्या कारखान्यात जाऊन कशाला कातून आणला, असं विचारत होती. मी पिशवीचे बंद बांधत राहिलो.

जुनी अट रद्द. नवी अशी, की पडलीस तर त्याच दिवशी कळवायचं. भलं दोन ओळींचं कार्ड टाक. तीन आठवडे तुला कुणी परक्या बाईने जेवू घातलं आणि आम्ही इथे पोटभर जेवत होतो, हे मला गिळवत नाही.

तुझे,
बाबा (काका नव्हे)


ता. ५ एप्रिल

ती. बाबांना नमस्कार.

अटीप्रमाणे कळवते की आज सकाळी पडले. गाडी तुम्ही बसवलेल्या नव्या स्टँडवर लावली, आणि आता ही कलणार म्हणून सवयीने तिच्याआधीच डावीकडे झुकले. ती जागची हलली नाही. मी मात्र थेट शेणात.

हाडं सगळी जागेवर आहेत. आईला माझा नमस्कार, तुमच्या लेथला विशेष.

आपली, उभ्या गाडीवरून पडलेली,
भिंगरी