नर्सनं चहाचं विचारलं नव्हतं

४ मार्च
होपटनच्या हिरड्यांतून पुन्हा रक्त. उशी लाल! म्हटलं, दवाखान्यात चल. तर म्हणे, "ब्रशच राठ आहे गं." नवरा माझं ऐकेल तर शपथ! हृदयाचे ठोके बिघडल्यापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे विसरतो की काय!

५ मार्च
ओढत नेला. रक्त भलतंच पातळ निघालं. नर्स मॅक्फर्लेननं विचारलं, "गांजा ओढता का?" होपटन ताठ बसला — "चर्चचा डीकन आहे मी, पाद्रीसाहेबांचा मदतनीस, बाई! वीस वर्षांत ओढला नाही." खोटं नव्हतंच. मीही मान डोलावली. तिनं गोळी निम्मी केली.

घरी आल्यावर परसातल्या गांजाची पानं उकळून, आलं आणि कंडेन्स्ड मिल्क घालून त्याचा रोजचा चहा केला. गुडघ्याला आराम पडतो. इथं सर्दीला पोरांनाही पाजतात. याला ओढणं कोण म्हणेल? पण खरं सांगू? हल्ली गुडघा बरा असला तरी मागतो. दोन-दोन मग. पिऊन गालातल्या गालात हसत बसतो. मला कळत नाही थोडंच!

१९ मार्च
रक्त अगदी बरोबर! नर्स खूश.

२ एप्रिल
व्हेरोना आली होती. शेजारीण, पण तिची भाची औषधांच्या दुकानात आहे. चहा उकळताना बघून ओरडलीच — "अगं वेडे! ओढा नाहीतर प्या, त्यानं ती गोळी जास्त चढते!" म्हणजे ते रक्त माझ्यामुळं!

सगळी रोपं उपटली. होपटन भडकला, "आता गुडघ्यासाठी काय उकळू, तुझं डोकं?" म्हटलं, नर्सला सांगू या. "सांग की! डीकनच्या परसात गांजा — रविवारपर्यंत चर्चभर होईल. एक शब्द काढून बघ!" नर्सकडं गेले नाही. चहा तर सुटला, आता सांगायचं काय? जीव भांड्यात पडला.

६ एप्रिल
पुदिन्याचा चहा दिला. ओतून टाकला. चिडला तर चिडू दे.

१४ एप्रिल
नाश्त्याला बसला आणि काटा-चमचा हातातून गळला. तोंड वाकडं. "डेल..." म्हणाला, माझं नावही अर्धंच, पुढं शब्दच नाही. उजवं अंग गेलं. मेंदूत रक्ताची गाठ. गाठ कशी? रक्त तर पातळ होतं ना!

१५ एप्रिल
डॉक्टरांना सगळं सांगितलं, भेटायला आलेल्या पाद्रीसाहेबांच्या देखत. डॉक्टर हळूच म्हणाले, "निम्मी गोळी पुरत होती ती चहामुळं. चहा बंद केलात त्या दिवशी आम्हाला सांगायला हवं होतं, बाई."

मला वाटत होतं, मी त्याला वाचवलं.