उखाण्यातलं नाव

माय,

तू गेल्याले लई वर्षं झाली. लिहायचं काही अडलं नव्हतं, अन् चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर ते काय. पण आज शेजारणीच्या सुनेच्या डोहाळजेवणात बाया उखाण्यासाठी मागं लागल्या अन् मी उठून घरी आली.

त्या वर्षी तू खाणंबोलणं सोडून भिंतीकडे तोंड करून पडून राहत होती, म्हणून काटोलहून तुले नागपूरच्या दवाखान्यात नेलं. डोक्याले करंट दिले. तू उठून बसली, जेवाले लागली, पण शब्द गेले. चमच्याकडे बोट करून म्हणायची, "ते, ढवळाचं ते." मी चिडायची. "चमचा वं, चमचा." डॉक्टर म्हणाले, करंटानं होते असं. तुम्ही सांगू नका, तिले शोधू द्या. नावं आली की घरी न्या.

मग एक दिवस त्यांनी किल्ली दाखवली, कंगवा दाखवला. तू थांबत थांबत सांगितलं. "मालकाचं नाव?" तू पदर पुढं ओढला अन् खाली पाहाले लागली. बाबा डबा घेऊन दारातच उभे. डॉक्टर कागदावर काही लिहाले लागले तशी मी म्हटलं, "साहेब, आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. काहून लिहून राहिले तुम्ही?"

नर्स हसली. "मग उखाण्यात घ्या ना, बाई."

उखाण्यात तुले कोण हरवणार होतं. तू लगेच सुरू केलं, "काटोलच्या बाजारात संत्र्यांची रास..." अन् थांबली. बाबांकडे पाहून राहिली. लई वेळ. मग म्हणाली, "...नाव घेते तुमच्यासाठी खास." मधली नावाची जागा तशीच ओलांडून. पदर काहून ओढला होता, ते मले तेव्हा कळलं.

बाबा म्हणाले, "मले वळखते ना? बस झालं. सोडा तिले घरी."

डॉक्टरांनी सोडलं. घरी तू बाबांले "अजी" म्हणायची. आधीही तेच म्हणत होती, त्यामुळं नाव परत आलं का नाही, कोणाले कळलंच नाही. बाबा गेले तेव्हाही "अजी" म्हणूनच रडली. मी बाजूले बसून होती. मले काहीच वाटत नव्हतं. आताही वाटत नाही.

हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून लिहून टाकते. त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यात आधी माझं नाव विचारलं होतं. ते तू एका दमात सांगितलं. बाबांचं गेलं अन् माझं राहिलं, याचं मले बरं वाटलं होतं. येताना एसटीत बाबा शेंगा सोलून तुझ्या हातावर ठेवत होते, तेव्हाही मले तसंच बरं वाटत होतं.