आगीचं बोट

बाबा, वर्तुळाचा धडा पुन्हा आला आहे. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तो येतो. सातवीच्या मुलींना मी डब्यातली भाकर काढून दाखवते. कडेकडेनं बोट फिरवलं की परीघ, आणि पोटात जाते तेवढं क्षेत्रफळ. हे त्यांना चटकन कळतं. मग त्या सूर धरून म्हणतात, "परीघ म्हणजे दोन पाय आर," आणि मला पुढचं शिकवणं नकोसं होतं. हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू? आई होती तोवर तिलाही सांगितलं नाही.

हे सूत्र मी पहिल्यांदा घरी म्हटलं तेव्हा तुम्ही रंधा खाली ठेवून हसला होतात. "पाय बी आपला अन् आरे बी आपले. तुया मास्तर वाढई हाय काय?" सुतार चाकाच्या दांड्यांना आरे म्हणतात हे मास्तरांच्या गावीही नसेल. आपल्या देवळी गावात मात्र बैलाच्या बंडीची चाकं तुमच्या तोडीची कुणी करत नव्हतं. चाकावर चढवायची लोखंडी धाव कापण्याची तुमची रीत ठरलेली होती. चाकाची आडवी रुंदी, म्हणजे व्यास, तीनदा, वर दहा बोटं, आणि त्यातून एक बोट वजा. ते वजा केलेलं बोट आगीचं, असं तुम्ही म्हणायचात. गोवऱ्यांच्या जाळात धाव तापून फुगते, चाकावर बसते, पाणी पडलं की आवळते. शाळेची पायरी न चढलेला माणूस, पण माप कधी चुकलं नाही.

आणि मी शहाणी! नववीत होते, मैत्रीण अंगणात उभी होती आणि मला अक्कल पाजळायची होती. पाटीवर बावीस सप्तमांशानं गुणून मी उत्तर काढलं. ते तुमच्या दहा बोटांशी तंतोतंत जुळलं. म्हटलं, एवढंच कापा, पुस्तकात आगीचं बोटबीट काही नसतं. तुम्ही खडूनं खूण करता करता थांबता. "एक बोट कमी करू ना वं माय?" मी म्हणते, "नाई. मायावर भरोसा नाई काय?" तुम्ही मैत्रिणीकडे बघता, माझ्याकडे बघता आणि खूण सरकवता. का ऐकलंत, बाबा? एक थोबाडीत द्यायची होती.

धाव सैल बसली, ते तुमच्या हाताला कळलंच होतं. पण बंडीवाल्याला दुसऱ्याच दिवशी कापूस न्यायचा होता, म्हणून तुम्ही पाचरी ठोकून दिल्यात. नाल्याच्या उतारावर धाव निसटली, भरलेली बंडी कलंडली आणि त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. तुम्ही त्याच्या अंगणात हात जोडून उभे राहिलात. "मायंच माप चुकलं," एवढंच बोललात. मी तुमच्या मागे उभी होते, मान खाली घालून. त्यानंतर तुमच्याकडे चाक आलं नाही. खाटांचे खूर तासता तासता तुम्ही गेलात, आणि त्या मापाबद्दल घरातसुद्धा माझं नाव कधी काढलं नाहीत.

आता गावात रबरी टायरच्या बंड्या फिरतात. मुलींना धाव ठाऊक नाही, म्हणून आज मी ती फळ्यावर काढली आणि आगीचं बोट समजावून दिलं. त्या बंडीवाल्याची नात तिसऱ्या बाकावर बसते. आज खरं सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच वर्गात गेले होते. दुसरा काही मार्ग उरलेला नाही, बाबा, मला झोप लागत नाही. तिनंच हात वर केला. "बाई, मंग माया आजाच्या बंडीची धाव काऊन निंगाली? तुमचे बाबा बोट कमी कराले भुलले काय?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मला कुणी मारणार नव्हतं, नोकरीवरून काढणार नव्हतं. शब्द जिभेवर आले होते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे एका परीनं बरंच आहे. मी तिला म्हटलं, "हो, भुलले असतील."